सस्पेन्स खात्यातले खून

माझ्या नोकरीत एकदा तिजोरीत तूट निघाली. ‘तूर्त सस्पेन्स खात्यात टाका, बोभाटा नको,’ असा वरून निरोप आला. मी निमूटपणे सही केली. पुढच्या वर्षी तूट तिपटीने वाढली.

टॉम रॉब स्मिथ यांची २००८ सालची ‘चाइल्ड ४४’ ही कादंबरी वाचताना ती सही आठवली. काळ १९५३ चा, स्टालिनचा रशिया. मुलांचे खून होताहेत. पण आदर्श राज्यात खुनी असूच शकत नाही, म्हणून खून झाला की कागदावर अपघात. सुरक्षा खात्यातला लिओ देमिदोव हाच एका बापाला गप्प बसवतो. पुढे त्यालाच शंका येते, तेव्हा तो स्वतःच राज्यद्रोही ठरतो.

कल्पित म्हणून हे सोडून देता येत नाही. यामागे आंद्रेई चिकातिलोचे खरे प्रकरण आहे. त्याने पुढे कबूल केलेल्या १९७८ मधल्या पहिल्या खुनासाठी अलेक्सांद्र क्रावचेन्को या भलत्याच माणसाला १९८३ साली देहदंड झाला होता. फाईल बंद, खुनी मोकळा! १९९२ मध्ये चिकातिलोवर ५२ खून शाबीत झाले. बातम्या दडपल्या गेल्याने आईबाप बेसावध राहिले.

या कादंबरीवरचा चित्रपटही २०१५ साली रशियात प्रदर्शनाआधीच मागे घेतला गेला.

म्हणून वाचकहो, ही कादंबरी हाती घ्याल तेव्हा खुनी कोण, याची घाई करू नका. अपघाताच्या त्या पहिल्या अहवालावर सही कोणाची आहे, ते आधी पाहा. माझ्यासारख्याच एखाद्या सभ्य माणसाची असेल.