तेजी-मंदीचे नवे गिऱ्हाईक

पवईच्या तलावाकाठी १९५८ साली तंत्रविज्ञान संस्था उभी राहिली ती युनेस्कोमार्फत आलेल्या सोव्हिएत साहाय्यातून आणि या देशाच्या करदात्यांच्या पैशातून. तिची कोनशिला नेहरूंनी बसवली तेव्हा अपेक्षा होती ती धरणे, पोलाद आणि यंत्रे घडवणाऱ्या अभियंत्यांची. आज तेथील विद्यार्थ्यांना डोळे दिपवणारे पगार देऊ करणाऱ्यांत संगणकाकरवी रोख्यांचे सौदे करणाऱ्या परदेशी पेढ्या अग्रभागी असतात. आणि त्याच संस्थेच्या कुंपणाबाहेर, साकीविहार-चांदिवलीच्या बसगाड्यांत, महिन्याच्या पगारावर जगणारा तरुण मोबाइलवर 'ऑप्शन' विकत घेत असतो. हे दोघे एकाच बाजारात समोरासमोर उभे आहेत. या झुंजीला 'गुंतवणूक' म्हणण्याची लबाडी मात्र राजरोस चालू आहे.

झुंजीचा निकाल कोणा डाव्या टीकाकाराने नव्हे, खुद्द 'सेबी'ने सप्टेंबर २०२४ मध्ये सांगितला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायदे व ऑप्शनमध्ये उतरलेल्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्के बुडाल्या. बुडालेली रक्कम १.८ लाख कोटी रुपयांच्या वर. २०२३-२४ मध्ये यांतील ४३ टक्के लोक तिशीच्या आतले होते, आणि तीन-चतुर्थांशांहून अधिकांचे वार्षिक उत्पन्न पाच लाखांखाली होते. त्याच वर्षी दलाल पेढ्यांच्या स्वतःच्या सौद्यांनी सुमारे ३३ हजार कोटी, तर परदेशी संस्थांनी २८ हजार कोटींचा ढोबळ नफा मिळवला. या नफ्यातील ९६-९७ टक्के वाटा संगणकी सौद्यांचा होता. श्रमिकाचे वेतन यंत्राच्या मालकाकडे जाण्याचा याहून आखूड रस्ता अजून कोणी शोधलेला नाही.

मुंबईला हा खेळ नवा नाही. १९५६च्या रोखे करार कायद्यात ऑप्शनची व्याख्या करताना 'तेजी', 'मंदी', 'गल्ली' हे बाजारातले शब्द जसेच्या तसे घातले गेले, आणि असे सौदे बेकायदा ठरवले गेले. ते कलम १९९५ साली रद्द झाले. २००१ मध्ये निर्देशांकाचे ऑप्शन अधिकृतपणे सुरू झाले. ज्याला आमच्या वडीलधाऱ्यांच्या काळी सट्टा म्हणत, त्याचे नाव उदारीकरणानंतर 'वित्तीय उत्पादन' झाले.

ऑप्शनमुळे जोखीम आवरता येते, असे समर्थक सांगतात. ज्याच्यापाशी रोखे आहेत त्याच्यापुरते ते खरेही आहे. पण ज्याच्यापाशी एकही रोखा नाही, तो दर आठवड्याला मुदत संपणाऱ्या निर्देशांकावर कोणती जोखीम आवरतो? लातूर-विदर्भाच्या सोयाबीन उत्पादकाला भावाची जोखीम खरोखरच असते. त्याच्या पिकाचे वायदे मात्र सरकारने डिसेंबर २०२१ मध्ये थांबवले, आणि ती बंदी पुढे वारंवार वाढवली. शेतमालाच्या सट्ट्याबद्दल समाजवाद्यांच्याही शंका आहेतच, पण हा उफराटा न्याय नजरेआड करण्याजोगा नाही.

बरे, 'गुंतवणूकदारांचे प्रबोधन' तरी काय करणार? तोटा झालेल्यांपैकी तीन-चतुर्थांशांहून अधिक लोक पुढेही सौदे करीतच राहिले, असे सेबीचीच पाहणी सांगते. अज्ञान हे याचे कारण नव्हे. कायम नोकरी संपली, घराच्या किमती वेतनाच्या आवाक्याबाहेर गेल्या; अशा तरुणाला एका दुपारच्या तेजीत सुटकेचा मार्ग दिसतो. आणि तो हरो वा जिंको, दलाली आणि रोखे व्यवहार कर तर वसूल होणारच. तीन वर्षांत व्यक्तींनी अशा खर्चापोटी सुमारे ५० हजार कोटी मोजले.

नोव्हेंबर २०२४ पासून सेबीने सौद्याचा किमान आकार पंधरा लाखांवर नेला आणि प्रत्येक बाजाराला एकाच निर्देशांकाचे साप्ताहिक सौदे ठेवण्याची मुभा दिली. तरीही २०२४-२५ मध्ये ९१ टक्के व्यक्ती तोट्यात गेल्या आणि त्यांचा निव्वळ तोटा एक लाख पाच हजार कोटींवर पोचला. म्हणजे साप्ताहिक सौदे आवरून भागत नाही, ते बंदच व्हायला हवेत. पक्षाच्या कामगार संघटनांनी ही मागणी पवईच्या काचेच्या कचेऱ्यांच्या दाराशी, पगाराच्या दिवशी, वेतनाच्या आणि कायम नोकरीच्या मागणीबरोबरच मांडावी.