रीत आणि तिचे कारण

‘देश तसा वेश’ ही म्हण सर्वांच्या तोंडी आहे. परंतु परदेशी राहावयास गेलेल्या मनुष्याला वेश बदलणे फारसे अवघड जात नाही. अवघड जातात त्या तेथील लहानसहान रीती. मंदिरे आणि मनोरे प्रवाशाला पहिल्याच दिवशी दिसतात. रीती मात्र तेथे बिऱ्हाड केल्यावाचून कळत नाहीत.

नोकरीनिमित्त जपानात राहणाऱ्या एखाद्या मराठी कुटुंबाचे उदाहरण घ्यावे. तेथे घरात शिरताना जोडे दाराशी काढतात. ही रीत त्या कुटुंबाला आपलीच वाटते. परंतु पुढे घरात वावरण्याच्या सपाता निराळ्या, शौचकूपातील निराळ्या आणि ‘तातामी’ नावाच्या चटयांवर तर सपातांनाही मज्जाव! जेवताना शेवयांचा मोठ्याने भुरका मारला तरी कोणी कपाळाला आठी घालीत नाही. पण ज्या दोन काड्यांनी जेवावयाचे, त्या भाताच्या वाडग्यात उभ्या खोचल्या की सारे अस्वस्थ होतात. परक्या मुलाला याचे हसू येते. मृताच्या नावाने ठेवलेल्या भातात तेथे काड्या अशाच उभ्या रोवतात, हे समजताच ते हसू मावळते.

मग एके दिवशी जपानी शेजारीच विचारतो, “आहेरात शंभर रुपये न देता तुम्ही एकशे एक का देता?” उत्तर चटकन सुचत नाही. रीत आजवर पाळली. कारण कधी विचारले नाही! परदेशातील वास्तव्याचा मोठा लाभ हाच होय. परक्यांच्या रीती पाहता पाहता मनुष्याला स्वतःच्या रीती प्रथमच दिसू लागतात.

सर्वच रीतींची कारणे मात्र आदरास पात्र नसतात. जपानी शाळांत मुले आपला वर्ग स्वतः झाडतात, पुसतात. नातवाच्या तोंडून हे ऐकून गावाकडची आजी विचारते, “तिथं शाळेला शिपाई नाही का रे?” आजीच्या मनात माया असते, पण त्या प्रश्नामागे एक जुनी रूढी उभी असते. आपल्याकडे झाडू ठराविक जातींच्याच हाती देण्यात आला. या रूढीचे कारण शोधू जावे, तर अन्यायावाचून दुसरे काही सापडत नाही. गाडगे महाराजांनी स्वतः खराटा हाती घेऊन गावे झाडली आणि कीर्तनांतून जातिभेदावर कोरडे ओढले. तो धडा शिकण्यासाठी कोणाला जपानला जावयास नको होते.

म्हणून परक्यांच्या रीतींना हसणे जितके अनुचित, तितकेच डोळे मिटून त्यांचे अनुकरण करणेही अनुचित. ‘तिकडचे सारे उत्तम, इकडचे सारे टाकाऊ’ किंवा याच्या उलट म्हणणे, हा आळशी मनाचा निवाडा होय. रीत कोणाचीही असो, तिचे कारण विचारावे. ते समजून घेण्याजोगे असेल, तर तिचा मान राखावा. ते अन्यायाचे असेल, तर ती रीत आपल्या वाडवडिलांची असली तरी सोडून द्यावी.