नाव एकाचे, घडण दुसऱ्याची



गेल्या मार्च महिन्यात शिरूर अनंतपाळच्या एका उपासिका भगिनीने आम्हाला विचारले, "शिलाई मशीन घ्यायची आहे, कोणती घेऊ?" आम्ही फारसा विचार न करता एका मोठ्या मार्क्याचे नाव सांगून मोकळे झालो. ते नाव आम्ही लहानपणापासून ऐकत आलो होतो, एवढाच आमच्या ज्ञानाचा आधार. बाईंनी बचत गटातून कर्ज उचलले आणि साडेसात हजारांची पायमशीन घरी आणली. एप्रिलमध्ये जयंतीचे निळे झेंडे आणि पांढरे ब्लाऊज तिच्यावर शिवून झाले. जूनमध्ये शाळेच्या गणवेशाचे कापड घरात येऊन पडले आणि मशीन अडली. जाड कापडाचे चार पदर आले की टाका सुटायचा, दोरा बॉबिन केसपाशी गुंतून गोळा व्हायचा. दुकानदार म्हणाला, कंपनीला कळवा. लातूरहून कंपनीचा माणूस येणार, येणार म्हणता अकरा दिवस गेले. गणवेश दुसऱ्या बाईकडे गेले. गटाचा हप्ता मात्र आपल्या तारखेला बरोबर आला. यात आमच्या सल्ल्याचाही वाटा होता, म्हणून आज या सदरात हा विषय घेतला आहे.

बाईंच्या घरी सासूबाईंची एक जुनी काळी सिंगर आहे. १९७८ साली लातूरच्या एका शिंप्याकडून ती जुनी म्हणूनच विकत घेतलेली. निलंग्याच्या एका जुन्या उस्तादांना आम्ही घरी बोलावले व दोन्ही मशीन शेजारी शेजारी ठेवल्या. दोन्हींचा साचा एकाच जातीचा, बॉबिन गोल, शटल तेच. हे शटल साफसफाईसाठी हाताने काढता येते, त्यामुळे हमी मोडण्याचा प्रश्न नव्हता. उस्तादांनी जुन्या मशीनचे शटल काढून नव्या मशीनमध्ये बसवले, चाक फिरवले आणि तेच चार पदर सुईखाली घातले. टाका सरळ पडला. मग नव्याचे शटल जुन्या मशीनमध्ये घातले, तर शंभरीच्या आसपासची ती म्हातारीही अडखळू लागली. उस्ताद म्हणाले, "नाव मोठं हाय ताई, पण आतला माल कुणी घडवला ते बघायचं असतंय."

सुई खाली जाऊन किंचित वर येते तेव्हा दोऱ्याचा एक फास पडतो, आणि शटलचे टोक तो फास उचलते. टाका पडतो तो असा. ते टोक बोथट असेल, शटल आपल्या जागेत केसाएवढे ढिले बसत असेल, तर फास निसटतो. म्हणजे शिवणारणीची रोजी त्या बोटभर लोखंडावर अवलंबून असते, आणि ते विकत घेताना कोणी पाहत नाही. पाहतात ते सोनेरी नक्षी आणि नाव.

सिंगर हे नाव १८५१ पासूनचे. आयझॅक मेरिट सिंगर याने अमेरिकेत हा धंदा उभा केला, आणि हप्त्याने मशीन विकण्याची पद्धतही याच कंपनीने १८५६ च्या सुमारास रूढ केली. आपल्या देशात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नसरवानजी पटेल नावाच्या पारशी गृहस्थांनी तिची एजन्सी चालवली. त्या काळच्या बहुतेक मशीन स्कॉटलंडमधील क्लाइडबँकच्या कारखान्यातून येत. हा कारखाना १८८५ साली सुरू झाला आणि १९८० साली बंद पडला. सासूबाईंच्या मशीनवरचा क्रमांक 'वाय' या अक्षराने सुरू होतो, म्हणजे ती त्याच कारखान्याची. पुढे १९९९ मध्ये सिंगर कंपनीने अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला. २००६ मध्ये हे नाव फाफ आणि हुस्कवार्ना वायकिंग या दुसऱ्या दोन जुन्या नावांबरोबर एका मालकीखाली गेले. आज त्या नावाची मशीन कुठे ब्राझीलमध्ये बनते, कुठे आशियात. तैवानची झेंग सिंग ही कंपनी कितीतरी नामांकित मार्क्यांची मशीन कंत्राटावर बनवून देते, आणि तिचे नाव आपल्यापैकी किती जणींनी ऐकले आहे? आपल्याकडे उषा हा मार्का १९३० च्या दशकात कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सने रूढ केला. आता त्याच्या ऑटोमॅटिक मशीनवर जपानच्या जानोमे कंपनीचेही नाव जोडलेले असते.

याचा अर्थ कंत्राटावर बनलेला माल वाईट, असा कोणी काढू नये. महायुद्धानंतर जपानमधील कारखाने सिंगरच्या या गोल बॉबिनच्या जातीची मशीन बनवू लागले. अमेरिकेचे व्यापारी तिच्यावर वाटेल ते नाव टाकून विकत, अशी शेकडो नावे झाली. तरी त्यांतल्या कित्येक मशीन अजून चालतात. कारण सगळ्या कारखान्यांनी भागांची मापे एकसारखी ठरवून घेतली होती आणि तपासणी झाल्याशिवाय माल बोटीवर चढत नसे. नाव कोणतेही असो, तपासणारा डोळा जागा होता. आपल्या लुधियान्याचेही तसेच आहे. तिथे एक घर फक्त शटल करते, एक बॉबिन केस, एक स्टँड, आणि मग जोडणी होते. त्यात उत्तम कारागीर आहेत आणि घाई करणारेही आहेत. 'लुधियान्याचा माल' म्हणून नाक मुरडणारे आम्हाला पुष्कळ भेटतात; त्यांच्या घरातल्या नामांकित मशीनचे भाग कुठून आले हे त्यांनी कधी विचारलेले नसते.

गोम भावात आहे. मोठ्या नावाने कंत्राट दिले आणि दरवर्षी भाव खाली ओढला, तर कारखानदार काटकसर कुठे करणार? रंगात करणार नाही, रंग दिसतो. तो बिडाचे ओतकाम मुरू न देता लगेच कातायला घेतो आणि ते पुढे वाकते. दांड्यांना पाणी देण्यात, शटल घासून गुळगुळीत करण्यात आणि तपासणीत वेळ वाचवतो. उस्तादांच्या मते या मशीनमध्ये वाचवलेले पैसे फार तर शे-पन्नास असतील. त्यापायी आमच्या भगिनीचा अख्खा हंगाम गेला.

यंत्राला विरोध करणाऱ्या गांधीजींनीही १९२४ साली शिलाई मशीनचा अपवाद केला होता. बाबासाहेबांना अपवाद करण्याची गरज पडली नाही. यंत्रामुळे माणसाला उसंत मिळते आणि उसंतीशिवाय माणूसपण नाही, असे त्यांनी १९४५ च्या आपल्या ग्रंथात स्वच्छ मांडले. पण यंत्र चालले तर उसंत! दिवसभर सुईत दोरा ओवत बसणाऱ्या बाईला कसली उसंत?

हा प्रश्न आता जास्त जवळ आला आहे. पूर्वी जिल्हा परिषदेचा समाजकल्याण विभाग मागासवर्गीयांच्या २० टक्के निधीतून स्वतः मशीन खरेदी करून वाटत असे, आणि निकृष्ट निघाली तर बोट दाखवायला कचेरी होती. डिसेंबर २०१६ मध्ये राज्य शासनाने वस्तूंऐवजी रक्कम थेट खात्यात देण्याचे धोरण घेतले. २०२३ च्या विश्वकर्मा योजनेतही शिवणकाम करणाऱ्यांना अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतची मदत आहे. पारख आता आपल्यालाच करायची आहे.

तेव्हा दुकानात गेल्यावर खोक्याची बाजू वाचावी. २०११ च्या नियमांप्रमाणे उत्पादक किंवा आयातदार यांचे नाव व पत्ता तिथे छापलेला असावा लागतो. 'मार्केटेड बाय' म्हणजे विकणारा. बनवणारा दुसरी ओळ वाचल्यावर कळतो. आयएसआय चिन्ह असेल तर त्याजवळचा सीएम/एल क्रमांक लिहून घ्यावा. हा परवाना कारखान्याच्या नावाने मिळतो, मार्क्याच्या नाही. मोबाईलवरील 'बीआयएस केअर' मध्ये तो क्रमांक घातला की कारखाना कुठला व परवाना चालू आहे की नाही हे दिसते. मुलांना सांगा, ती दोन मिनिटांत काढून देतील.

मग मशीन उघडायला लावावी. पट्टा उतरवून चाक हाताने हळू फिरवा. एखाद्या जागी जड आणि पुढे हलके लागले तर ती मशीन नको. सुईदांडी दोन बोटांत धरून हलवा, ती डुगडुगता कामा नये. सुई प्लेटच्या भोकाच्या मधोमध उतरते का पाहा. घरून मलमलीचा तुकडा आणि जुन्या जीनचे कापड बरोबर न्या, चार पदर करून १६ नंबरच्या सुईने शिवा आणि टाका खालच्या बाजूने पाहा. दुकानदार कुरकुर करील, करू द्या. शेवटी त्याला विचारा की शटल आणि बॉबिन केस आपल्या गावात सुटे मिळतात का, आणि दुरुस्तीला कोण येतो. आमच्या मते जिथे कंपनीचा माणूस अकरा दिवसांनी येतो, तिथे कमी नावाची पण निलंग्यात दुरुस्त होणारी मशीन बरी.

पक्के बिल आणि हमीपत्र सोडू नका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने एक चांगली गोष्ट केली आहे. दुसऱ्याने बनवलेल्या मालावर जो स्वतःचे नाव टाकतो, तोही उत्पादकच धरला जातो. "आम्ही फक्त विकतो" असे म्हणून त्याला हात झटकता येत नाही. तक्रारीसाठी १९१५ हा फोन आहे. वस्तूची किंमत पाच लाखांच्या आत असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही.

आमच्या भगिनीने उस्तादांकडून चांगले शटल विकत घेऊन बसवले आहे. मूळ शटल तिने फडक्यात बांधून जपून ठेवले आहे. त्याचा फोटो, बिलाची प्रत आणि अकरा दिवसांच्या तारखा घालून कंपनीला रजिस्टर पोस्टाने पत्र गेले आहे; मजकूर आम्ही लिहून दिला. उत्तर आले की याच सदरात कळवू.