नैसर्गिक म्हणून निर्धोक?

‘झाडपाल्याचेच आहे, अपाय होणार नाही,’ असे छातीठोकपणे सांगणारे तीन आधार देतात: त्यात रसायने नाहीत, पिढ्यान्‌पिढ्यांचा वापर आहे, आणि हळदीच्या पेटंटची लढाई आपण जिंकलो. तिन्ही तपासून पाहू.

मेंदीचा रंग लॉसोनमुळे येतो, शिकेकाईचा फेस सॅपोनिनमुळे. ही रसायनेच आहेत. डाग जावेत म्हणून चेहऱ्यावर लिंबू चोळून उन्हात गेले, तर त्यातल्या फ्युरोकुमरिनमुळे कातडी भाजल्यासारखी होते, फोड येतात आणि नवे काळे डाग महिनोन्‌महिने राहतात. मेंदीचा पाला केशरी-तांबडाच रंगतो. झटपट काळा रंग देणाऱ्या ‘काळ्या मेंदी’त बहुधा पीपीडी (पॅराफेनिलिनडायअमीन) हे रंगद्रव्य असते आणि त्याची अॅलर्जी एकदा जडली की सहसा जन्मभर सुटत नाही.

जुना वापर म्हणजेही पुरावा नव्हे. कोंडा झाला की तेल चोपडायचे, ही रीत जुनीच. पण कोंड्याशी निगडित मॅलेसेझिया बुरशी टाळूवरच्या तेलकटपणावरच पोसते.

राहिली हळद. जखमेवर हळद वापरण्याचे अमेरिकी पेटंट १९९५ साली मिसिसिपी विद्यापीठाच्या संशोधकांना मिळाले. शास्त्रज्ञ रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने (सीएसआयआर) लढून ते १९९७ साली रद्द करवले. ही लढाई अभिमानाचीच. पण तिथे सिद्ध झाले ते इतकेच, की हा वापर आपल्याकडे आधीपासून होता. हळदीने रंग उजळतो, असा निवाडा कुणी दिलेला नाही.

मग सारे टाकून द्यायचे? मुळीच नाही. खोबरेल, सूर्यफूल तेल आणि खनिज तेल यांची तुलना करणारे मुंबईतले संशोधन २००३ साली प्रसिद्ध झाले. धुताना केसांतून होणारी प्रथिनांची झीज खोबरेलानेच कमी केली, कारण त्यातले लॉरिक आम्ल केसाच्या आत शिरते. संशोधन तेल कंपनीचे होते हे खरे, पण मोजमाप छापलेले आहे, कुणीही पडताळावे. शिकेकाईही केस खरोखर स्वच्छ करते.

परंपरेचा मान तिला पारखण्यात आहे. नवा लेप आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस वाट पाहा. चट्टा वाढत असेल, केस झुपक्याने गळत असतील, तर त्वचारोगतज्ज्ञ गाठा. जे पारखून उतरेल ते नातवंडांनाही द्या. उरलेले केवळ आजीच्या नावावर खपवू नका.