आपली माणसे आखातात, आपला माल दलालाकडे

रत्नागिरी-रायगडच्या मुस्लिम मोहल्ल्यांत ज्यातले कोणीच कधी दुबई, कुवेत किंवा दोहाला गेले नाही, असे घर शोधावे लागेल. दोन पिढ्या आपण माणसे पाठवली. मग दारातला हापूस आपल्या नावाने तिथे का जात नाही? तो वाशीच्या बाजारात जातो आणि तिथून दुसऱ्याच्या लेबलखाली पुढे निघतो.

‘परवाने फार’ हे नेहमीचे उत्तर अर्धेच खरे आहे. आयात-निर्यात कोड ऑनलाइन 500 रुपयांत निघतो. (त्याची माहिती दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये अद्ययावत करायची असते, म्हणजे नेमकी आंबा उतरवण्याच्या धांदलीत. हे ठरवणाऱ्याने बाग पाहिली नसावी.) कोकणच्या हापूसला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. अमिरातीशी झालेला व्यापार करार 1 मे 2022 पासून लागू आहे.

खरी अडचण पैशाची. खते, फवारणी, राखणदार हा सगळा खर्च हंगामाआधी होतो. व्याज नको म्हणून आपले अनेक बागायतदार बँकेची पायरी चढत नाहीत. दलालाची उचल घेतात. उचलीवर व्याज लिहिलेले नसते, पण माल त्यालाच द्यायचा आणि भाव तो सांगेल तो. पट्टी हातात आली की कळते, आपण कशापासून पळालो होतो.

शिवाय वीस-पंचवीस पेट्यांसाठी प्रतवारी, फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र आणि विमानभाडे परवडत नाही. त्यात वरून निर्दोष दिसणाऱ्या फळात साका निघाला, तर खरेदीदार पैसे अडवतो.

‘मामू आहेत ना दुबईत!’ म्हणून माल तोंडी भरवशावर जातो. पैसे अडकले तर तक्रार कोणाविरुद्ध, मामूंच्या? उधारीचा व्यवहार लिहून ठेवा, असे सांगणारी सूरह बकराची 282वी आयत ही कुरआनातली सर्वांत मोठी आयत आहे. ती तोंडपाठ असलेल्या घरातही व्यवहाराचा कागद सापडत नाही.

दहा बागायतदार एकत्र आले तर उत्पादक कंपनी नोंदवता येते. मशीद आणि कब्रस्तानचा हिशेब आपली जमात चोख ठेवते, म्हणजे एकत्र पैसा सांभाळणे आपल्याला जमते. आखातातून परतलेल्या कितीतरी जणांच्या स्वतःच्या बागा आहेत. त्यांनी सभासद होऊन नफ्या-तोट्याच्या भागीदारीने भांडवल घातले, तर उचलीची गरज उरणार नाही. पेट्याही भाडे परवडण्याइतक्या जमतील.

दहा जण जमले, की पहिला लेखी करार मामूंशीच करावा.