आज्ञावलीकार हाच नवा तलाठी

कल्याणकारी राज्याचा कारभार खेड्यापर्यंत पोचतो तो कोणाच्या हातून, या प्रश्नाचे उत्तर दर पिढीत बदलत आले आहे. एकेकाळी ते उत्तर पाटील व तलाठी असे होते. पुढे ग्रामसेवक, तहसील कचेरीतील अव्वल कारकून आणि रोजगार हमीच्या कामावर हजेरीपट लिहिणारा मुकादम यांची त्यात भर पडली. आज बारामती वा इंदापूर तालुक्यातील एखाद्या विधवेचे अनुदान चालू राहते की थांबते, हे ठरविण्यात ज्याचा वाटा या सर्वांहून अधिक, तो मनुष्य तिने कधी पाहिलेला नसतो. त्यानेही तिला पाहिलेले नसते. तो मुंबईत किंवा पुण्यात संगणकासमोर बसून शासकीय योजनेची आज्ञावली लिहीत असतो. या नव्या कारभाऱ्याचे काम, त्याच्या नोकरीचे स्वरूप आणि त्याची जबाबदारी यांची चर्चा आपल्याकडे जवळजवळ होतच नाही. ती होणे आता अगत्याचे झाले आहे.

‘होय’ आणि ‘नाही’

ताजे उदाहरण ‘मुख्यमंत्री – माझी लाडकी बहीण’ योजनेचे. २८ जून २०२४ रोजी तत्कालीन अर्थमंत्री व बारामतीचे आमदार अजित पवार यांनी अर्थसंकल्पात ही योजना जाहीर केली. वार्षिक अडीच लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील २१ ते ६५ वयाच्या स्त्रियांना दरमहा १,५०० रुपये, हे तिचे स्वरूप. घोषणेपासून दोन महिन्यांच्या आत, ऑगस्ट २०२४ मध्ये, पहिले हप्ते खात्यांवर जमा होऊ लागले आणि पुढे लाभार्थी स्त्रियांची संख्या दोन कोटींवर गेली. इतक्या अवधीत इतक्या अर्जांची नोंद घेणारी यंत्रणा उभी करणे हे तांत्रिक दृष्ट्या लहान काम नव्हे, हे मान्य केले पाहिजे.

परंतु वेग साधण्यासाठी पडताळणी मागे ठेवण्यात आली आणि तिचे ऋण पुढे फेडावे लागले. सुमारे २६ लाख ३४ हजार लाभार्थी अपात्र असल्याचे आढळून जून २०२५ पासून त्यांचा लाभ तात्पुरता स्थगित केल्याचे शासनाने जाहीर केले. या यादीत काही ठिकाणी चक्क पुरुषांनी अर्ज केल्याचेही निघाले. त्यानंतर सप्टेंबर २०२५ मध्ये सर्व लाभार्थी स्त्रियांना ई-केवायसी सक्तीची झाली. त्या अर्जात एक घोषणा होती. तिचा आशय असा, की माझ्या कुटुंबातील कोणीही शासकीय सेवेत कायम कर्मचारी नाही व निवृत्तिवेतन घेत नाही. त्यापुढे ‘होय’ किंवा ‘नाही’ असे दोन पर्याय होते. जिच्या घरात सरकारी नोकर नाही तिने ‘होय’ म्हणावयाचे होते. पण घरात सरकारी नोकर आहे का, या अर्थाने ते वाक्य वाचून असंख्य स्त्रियांनी सरळपणे ‘नाही’ असे उत्तर दिले, आणि संगणकाच्या दप्तरी त्या सरकारी नोकरदारांच्या कुटुंबीय ठरल्या. अखेर जानेवारी २०२६ मध्ये चुकीचा पर्याय निवडला गेल्याने लाभ थांबल्याचे मान्य करून अंगणवाडी सेविकांमार्फत प्रत्यक्ष पडताळणी करण्याचे महिला व बालविकास खात्याला ठरवावे लागले.

हे वाक्य कोणी लिहिले? बहुधा कोणी एकाने लिहिले नसावे. शासन निर्णयातील अपात्रतेच्या अटी नकारार्थी भाषेत अर्जावर आल्या, कोणी तरी त्या मान्य केल्या आणि आज्ञावलीकाराने पडद्यावर आणल्या. निमगाव केतकीच्या किंवा सुप्याच्या दहा बायकांना तो अर्ज अगोदर भरावयास दिला असता, तर ही चूक एका दुपारी ध्यानात आली असती. त्यासाठी पदवीची गरज नव्हती, एका एस. टी. प्रवासाची होती.

अलिखित धोरण

याला केवळ भाषेची चूक म्हणून सोडून देता येणार नाही. शासन निर्णय कितीही लांब असला तरी त्यात फटी राहतातच. आज्ञावलीत मात्र फट ठेवता येत नाही. यंत्राला प्रत्येक बाबतीत काही तरी एक उत्तर सांगून ठेवावेच लागते. एकाच शिधापत्रिकेवर तीन चुली असलेले एकत्र कुटुंब हे एक की तीन? उसाचे बिल वर्षातून दोन-तीन हप्त्यांत येते, मग उत्पन्न कोणत्या वर्षाचे धरावयाचे? आधार पत्रावर माहेरचे नाव, बँकेत सासरचे आणि शिधापत्रिकेवर तिसरेच, त्यातही मराठी नावाचे इंग्रजी अक्षरांतले रूप प्रत्येक कारकुनाने आपापल्या कानाप्रमाणे लिहिलेले; मग किती अक्षरांचा फरक चालवून घ्यावयाचा? शासन निर्णय अशा प्रश्नांना क्वचितच स्पर्श करतो. त्यांची उत्तरे आज्ञावलीकार देतो, बहुतेक वेळा घाईत आणि कोणाला न विचारता. म्हणजेच तो धोरण ठरवितो. फक्त ते कोठेही छापले जात नाही.

पैसे पोचविण्याच्या व्यवस्थेतही हेच दिसते. आधारवर आधारलेल्या पद्धतीत रक्कम अर्जात लिहिलेल्या खात्यावर जातेच असे नाही. जे खाते आधार क्रमांकाशी सर्वांत शेवटी जोडले गेले त्यावर ती जाते. हे ज्यांना ठाऊक नव्हते त्या स्त्रियांनी २०२४ मध्ये एका बँकेत रांगा लावल्या आणि पैसे जमा झाले होते भलत्याच, कधी काळी उघडून विसरलेल्या खात्यात. नियम चुकीचा होता असे नाही. तो सांगण्याची जबाबदारी कोणाचीच नव्हती, हे दुखणे होते.

दोन कर्जमाफ्या

पद्धत बदलली की परिणाम बदलतो, याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. २०१७ च्या छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेत शेतकऱ्यांनी संगणकावर अर्ज भरावयाचे होते. ८९ लाख शेतकरी आणि ३४ हजार कोटी रुपये असे आकडे जाहीर झाले होते. त्या वर्षीच्या दिवाळीत प्रमाणपत्रे वाटण्याचा मुहूर्त ठरला, आणि लगेचच याद्यांतील घोटाळे बाहेर आले. एकच आधार क्रमांक अनेक खात्यांपुढे लागलेला आढळला. याद्या पुन्हा बँकांकडे तपासणीस गेल्या आणि वाटप रखडले. दिवाळीची तारीख राजकारणाने ठरविली होती. अपश्रेय मात्र संगणकाला मिळाले.

याउलट २०१९ अखेरीस जाहीर झालेल्या महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजनेत अर्जच नव्हता. माहिती बँकांकडून घेतली गेली. २४ फेब्रुवारी २०२० रोजी पहिली यादी लागली ती ६८ गावांची, १५,३५८ खात्यांची. शेतकऱ्याने आपली रक्कम पाहावयाची, मान्य असेल तर अंगठा द्यावयाचा, नसेल तर तक्रार करावयाची, अशी सोय होती. आधी थोड्या गावांत करून पाहणे आणि माणसाला आपले म्हणणे मांडण्याची जागा ठेवणे, या दोन साध्या गोष्टींनी मोठा फरक पडला.

परदेशांतील अनुभव याहून कठोर आहेत. ऑस्ट्रेलियात २०१५ नंतर बेकारभत्ता घेणाऱ्यांचे वार्षिक उत्पन्न पंधरवड्यांत समान वाटून ‘तुम्ही जादा भत्ता घेतला’ अशा वसुलीच्या नोटिसा यंत्राने काढल्या. पंधरवड्याचे खरे उत्पन्न कमी-जास्त असते, हे त्या हिशेबात नव्हते. न्यायालयात ती पद्धत टिकली नाही आणि २०२३ मध्ये चौकशी आयोगाने तिचे वाभाडे काढले. नेदरलँड्समध्ये बालसंगोपन अनुदानाच्या प्रकरणी हजारो पालकांवर फसवणुकीचा खोटा ठपका आला आणि जानेवारी २०२१ मध्ये तेथील मंत्रिमंडळाला राजीनामा द्यावा लागला. सहा महिने ऊसतोड आणि सहा महिने मिळेल ती मजुरी करणाऱ्यांच्या प्रदेशात उत्पन्नाची अशी सरासरी काय अनर्थ करील, हे सांगावयास नको.

खर्च कोणाच्या माथी

येथे प्रतिवाद संभवतो. जुन्या कारभारातही अन्याय होता. तलाठ्याच्या मर्जीला किंमत होती, मनिऑर्डरीतून कपात होत असे, खोट्या हजेरीपटांवर मजुरी उचलली जाई. थेट खात्यात रक्कम आल्याने ही गळती कमी झाली, हे नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. देशातील पहिला आधार क्रमांक २०१० साली नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली येथे दिला गेला, तेव्हा हीच आशा होती आणि ती पूर्णतः फोल ठरलेली नाही. शिवाय एकट्या लाडकी बहीण योजनेसाठी २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात ३६ हजार कोटी रुपयांची तरतूद होती. एवढ्या पैशाचा हिशेब तपासणे हे शासनाचे कर्तव्यच होय.

तथापि अर्थशास्त्राचा विद्यार्थी या नात्याने एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. कल्याण योजनेत चुका दोन प्रकारच्या असतात: अपात्राला लाभ मिळणे आणि पात्राला तो नाकारला जाणे. पहिल्या चुकीची किंमत तिजोरी देते, म्हणून ती लेखापरीक्षणात दिसते. दुसरीची किंमत लाभार्थी देतो, म्हणून ती कोठेच दिसत नाही. २०२५-२६ मध्ये राज्यात रोजगार हमीचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. नाव दुरुस्तीसाठी एखाद्या मजूर स्त्रीला दोन दिवस तालुक्याच्या गावी घालवावे लागले, तर ६२४ रुपये, म्हणजे महिन्याच्या १,५०० रुपयांतील चाळीस टक्क्यांहून अधिक रक्कम, प्रवासखर्च न धरताही गेली. संगणकामुळे शासनाचा प्रशासकीय खर्च वाचला असे आपण म्हणतो. पुष्कळदा तो खर्च फक्त तिच्या पदरात टाकलेला असतो.

कंत्राटी कारभारी

आता हे काम करणाऱ्यांकडे पाहू. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र १९७६ साली स्थापन झाले आणि शासकीय संगणकीकरणाचा पाया त्याने घातला. परंतु योजनांची संख्या वाढत गेली तसे हे काम अधिकाधिक बाहेरच्या कंपन्यांकडे आणि मनुष्यबळ पुरविणाऱ्या ठेकेदारांकडे गेले. बारामती-इंदापूरची संगणकशास्त्र शिकलेली अनेक मुले आज अशा कामांवर आहेत. मुदतीचे कंत्राट, नूतनीकरणाची अनिश्चितता, अधिवेशन वा निवडणूक पाहून ठरलेली तारीख, आणि तोंडी बदलणाऱ्या सूचना अशा वातावरणात ती काम करतात. एखाद्या मुलाला अर्जातील वाक्य खटकले तरी ते सांगण्याचा त्याला अधिकार नाही. आणि ज्या अधिकाऱ्याला अधिकार आहे त्याला आज्ञावली वाचता येत नाही. कंत्राट संपले की मुलगा जातो, आणि कोणता नियम कशासाठी घातला होता याची माहितीही त्याच्याबरोबर जाते. तलाठी निदान दप्तर मागे ठेवून बदलीवर जात असे.

काय करावे?

उपाय अवघड नाहीत. पहिला, कल्याण योजनांच्या आज्ञावलीसाठी शासनाने आपला कायम सेवक वर्ग उभारावा. ठेकेदार बांधकामाला ठेवावा, पण नकाशा व किल्ल्या घरच्या माणसाकडे असाव्यात. दुसरा, प्रत्येक आज्ञावलीकाराने कामाच्या प्रारंभी काही आठवडे तहसील कचेरीत आणि अंगणवाडीत बसावे. तिसरा, कोणताही नवा अर्ज राज्यभर लागू करण्यापूर्वी दोन तालुक्यांत वापरून पाहावा. बागायत आणि जिरायत, साखर कारखान्याचा सभासद आणि ऊसतोड मजूर हे सारे जेथे शेजारी नांदतात ते बारामती व इंदापूर या प्रयोगास योग्यच ठरतील. चौथा, आज्ञावलीत घातलेला प्रत्येक नियम सोप्या मराठीत शासन निर्णयासोबत प्रसिद्ध व्हावा. माहितीच्या अधिकाराच्या कायद्याने शासनाने आपण होऊन निर्णयांची माहिती द्यावयाची असते; यंत्राकरवी घेतलेले निर्णय त्यातून वगळण्याचे कारण नाही. पाचवा आणि सर्वांत महत्त्वाचा, लेखी कारण व पुरेशी मुदत दिल्याखेरीज कोणाचाही चालू लाभ थांबू नये, आणि यंत्राचा निर्णय फिरविण्याचा अधिकार तालुक्यातच एका जबाबदार अधिकाऱ्याकडे असावा. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने सेवेची मुदत आणि अपील यांचे तत्त्व महाराष्ट्राने स्वीकारले आहेच. ते येथे पुढे न्यावयाचे आहे.

यासाठी पैसा लागेल, वेळही लागेल, आणि घोषणेनंतर दोन महिन्यांत हप्ता देण्याचा मान कदाचित मिळणार नाही. परंतु अनुदान ही मेहेरबानी नसून हक्क आहे असे आपण मानत असू, तर तो हक्क कोणत्या वाक्याने मिळतो आणि कोणत्या वाक्याने जातो, हे हक्कदाराला वाचता आले पाहिजे. आणि ते वाक्य लिहिणाऱ्याला, ते चुकले आहे असे म्हणण्याची मुभा असली पाहिजे.