एवढंसं भोक

लावणीच्या चिखलात खिळा, मिरकरवाडा बंदरावर माशाचा काटा. "डॉक्टर, एवढंसं तर भोक आहे!" मला धास्ती याच भोकाची वाटते. काही जंतूंना प्राणवायू सोसत नाही. अरुंद, खोल जखमेत ते फोफावतात. धनुर्वाताचा जंतू त्यांतलाच. कितासातो यांनी १८८९ मध्ये तो प्रथम वेगळा करून वाढवला, तोही हवा वगळूनच. म्हणूनच नेहमीच्या तपासणीत असे जंतू उगवत नाहीत. कुजका वास, कातडीखाली कुरकुर, जखमेच्या मानाने भलतीच वेदना, एवढे दिसल्यावर अहवालाची वाट पाहणे मला पटत नाही. जखम उघडून मेलेले मांस काढायलाच हवे. आणि शेण, चुना भरून वर चिंधी? ती तर जंतूंना बंद खोलीच! 'टीटी'च्या जागी आता 'टीडी' असते. खोल, मळकी जखम असून शेवटच्या डोसाला पाच वर्षे उलटली असतील, तर त्याच दिवशी टोचून घ्या.